प्रागला पोचवलेलं वाण

परतूर
३ मे २०२६

साक्षी,

फोन न करता हे लिहून पाठवते आहे. मला ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा करावा लागतो आणि मग शेजारच्या नंदाबाईंना आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. कागदाचा तसा त्रास नाही. लिहायचं, फोटो काढायचा आणि तुला धाडायचा. तूही हाताने लिहूनच पाठव, फोनची बारीक अक्षरं मला वाचवत नाहीत.

काल राजूरहून तुझे बाबा आले होते. बहिणीला भेटायला आलो म्हणाले, पण आले होते ट्रॅक्टरच्या कामाला. तुमच्या विद्यापीठातली पोरंपोरी मिळून महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी शेजारच्या देशात फिरायला जाणार आहात, असं त्यांनी सांगितलं. शहराचं नाव काही त्यांना आठवेना. 'कोन्तं तरी गाव हाय बघ, आपले जावई ऱ्हातेत तेच,' म्हणाले. म्हणजे प्राग. मी तेव्हाच मनाशी ठरवलं.

सतरा तारखेला अधिक महिना लागतो. तीन वर्षांनी एकदा येणारा हा महिना जावयाच्या मानाचा असतो, त्याला धोंड्याचं वाण द्यावं लागतं, हे तुला वेगळं सांगायला नको. दैवशालाच्या लग्नानंतरचा पहिला अधिक लॉकडाऊनमध्ये गेला. दुसरा आला तेव्हा ती दोघं नुकतीच तिकडे गेलेली. लग्नाला सहा वर्षं झाली, पण ओमप्रकाशरावांना आमच्याकडून अजून एकही धोंडा नाही. जालन्याच्या विहीणबाई स्वभावाने चांगल्या, टाकून कधी बोलत नाहीत. मागे चहा पिता पिता एवढंच म्हणाल्या, 'आमच्या धाकल्याला त सासरकडून चांदीचं निरंजन आल्तं.' आता यात बोलायचं बाकी काय राहिलं, तूच सांग.

अंगणवाडीत असताना मीच बायांना रूढींवर भाषणं दिलेली आहेत, ते मी विसरलेले नाही. तरी मला हे करायचं आहे. एकुलती एक लेक. तिचे बाबा गेल्यापासून माझा सगळा जीव तिच्या संसारात आहे. तो नीट चालला आहे एवढं दिसलं की माझा दिवस बरा जातो.

तेव्हा माझ्या वतीने तू जा. सामान कुरियरने तुझ्याकडे पोचेल. तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, निरंजन, जावयाला टॉवेल-टोपी, दैवशालाला साडी आणि खण. पुरण वाटेत टिकणार नाही, म्हणून धोंडे तिथेच करा. दोघांना जोडीने पाटावर बसव. तू मेहुणी लागतेस, त्यांचे पाय धू, लाजू नको. आणि दारात पाणी आणून दिलं की घोटभर तरी पी. 'माझ्याकडे बाटली आहे' म्हणायची तुला सवय लागली आहे, ती तिथे दाखवू नको.

जोडीचा फोटो काढ. तो घेऊन मला जालन्याला जायचं आहे. दैवशालाला मी काही कळवलेलं नाही, खर्च नको म्हणत बसेल. तिला तूच सांग.

तुझी आत्या


लायपझिग
६ मे

आत्या,

नमस्कार करते, वाकून केला असं समज. माझी खोली एवढी लहान आहे की वाकलं तर डोकं टेबलाला लागतं.

बाबांनी सांगितलं ते बरोबर आहे. आम्ही बसभर विद्यार्थी आहोत, इतक्या देशांचे की बसमध्ये गाणं कोणतं लावायचं यावरून आत्ताच भांडणं सुरू आहेत. मार्टिन नावाचा एक मुलगा सगळ्यांचा म्होरक्या आहे. तो हिरवी छत्री उंच धरून पुढे चालणार आणि आम्ही बकऱ्यांसारखे त्याच्या मागे. शनिवारी दुपारी किल्ला आहे. मला बघायचा होता तो किल्लाच. आता त्या वेळात मी धोंडा घेऊन दाजींच्या दारात असेन.

तक्रार करत नाही, नुसतं कळवते आहे. तुझं वाण पोचवीन. पाय धुवायचं मात्र मी दाजींनाच विचारीन, ते नको म्हणाले तर जबरदस्ती करणार नाही. ताईला आज लिहिते.

साक्षी


ब्रनो
१० मे

साक्षी,

तुझं पत्र मिळालं. वाचलं, मग भांडी घासली, मग पुन्हा वाचलं.

वर ब्रनो लिहिलं आहे ती चूक नाही. मी प्रागमध्ये राहत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून मी याच देशातल्या या दुसऱ्या शहरात आहे, एका प्रयोगशाळेत नोकरी करते. ओमप्रकाश प्रागलाच आहेत. आम्ही वेगळे झालो आहोत. कोर्टाचे कागद अजून केलेले नाहीत, गावाकडे आल्यावर करायचं ठरलं आहे.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. मारहाण नाही, दारू नाही, दुसरं कोणी नाही. चारचौघांना पटेल असं कारण असतं तर आईला सांगणं सोपं गेलं असतं. एका घरात राहून आम्ही दोघंही गप्प होत गेलो, इतके की कोणी आलं तरच आवाज व्हायचा. एक दिवस ते म्हणाले, 'आपुन उगंच एकमेकाला धरून बसलो का गं?' मला राग यायला हवा होता. मला बरं वाटलं.

दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल करते तेव्हा पांढऱ्या भिंतीसमोर बसते. इथे सगळ्याच घरांच्या भिंती पांढऱ्या असतात. ती विचारते, ओमप्रकाशराव कुठे आहेत? मी म्हणते, बाहेर गेले आहेत. ते काही खोटं नाही.

आईला मी सांगणारच आहे. पण फोनवर ओरडून सांगू का? तिच्याआधी नंदाबाई रडायला लागतील. डिसेंबरमध्ये परतूरला येईन, तिच्याजवळ बसेन आणि सांगेन. बाबा गेले तेव्हा ती ज्या पलंगावर बसून होती, त्याच पलंगावर ती पुन्हा तशी बसेल आणि मी तिथे नसेन, याची मला भीती वाटते. बाकी कशाची नाही.

म्हणून तू धोंडा घेऊन ये. मी त्या शनिवारी प्रागला येते. ओमप्रकाशशी बोलले आहे, ते बसायला तयार आहेत. आम्ही जोडीने बसू, तू फोटो काढ. संध्याकाळच्या गाडीने मी परत येईन. एवढं एकदा निभावून ने.

दैवशाला


लायपझिग
१२ मे

ताई,

मला राग आला आहे, तो आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तू वेगळी झालीस याचा राग नाही, त्याचं वाईट वाटलं. तो तुमचा प्रश्न आहे आणि तुम्ही दोघंही माझ्यापेक्षा शहाणे आहात. राग याचा आला की आत्या तिकडे परतुरात अनारशांचे तांदूळ भिजवते आहे आणि इकडे आपण नाटकाची तयारी करतो आहोत. आणि मी त्यातली कोण, तर नाटकाचं सामान वाहून आणणारी.

येते मी. आत्याला काही सांगणार नाही, कारण ते तुझं तूच सांगायला हवं. पण मला खोटं लिहिता येत नाही. लहानपणी एकदा आत्याशी खोटं बोलले होते, तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मीच सगळं ओकून टाकलं. म्हणून तिथे जे घडेल ते लिहीन, जे घडलं नाही ते लिहिणार नाही. मधली जागा तिने काय भरायची ती भरू दे.

बस सकाळी पोचते. तू मला थांब्यावर घ्यायला ये. तुमच्या घरी मी एकटी जाणार नाही. 'तुमच्या' लिहून गेले. दाजींच्या.

साक्षी


परतूर
१८ मे

साक्षी,

सामान आज कुरियरला दिलं. पोचलं की कळव.

अनारशांचा पहिला घाणा तुपात पार विरघळला. नंदाबाई म्हणाल्या, 'हसले की वो अनारसे, काई तरी इघीन दिसून राह्यलं.' मी म्हटलं, विघ्न कसलं, पीठ सैल झालं होतं. दुसरा घाणा जाळीदार उतरला. वरून खसखस जरा जास्तच लावली आहे, ओमप्रकाशरावांना आवडते. लग्नानंतर पहिल्यांदा आले आणि लॉकडाऊनमध्ये इथेच अडकले, तेव्हाचं मला ठाऊक आहे. कोणाचं काही मागून खाणारा माणूस नाही तो, पण अनारशावरची खसखस ताटात सांडली तर बोटाने टिपून खायचा.

साडी लिंबाच्या रंगाची आहे. दैवशालाला सांग, घडी मोडून लगेच नेस म्हणावं. फोटोत ती साडी दिसली पाहिजे.

आत्या


लायपझिग
२ जून

आत्या,

वाण पोचलं. फोटो सोबत आहेत. आता तुझ्या हुकुमाप्रमाणे सगळं क्रमाने लिहिते.

बसमध्ये ताट माझ्या मांडीवर होतं. एका वळणावर झाकण सरकलं आणि अनारशांचा वास बसभर पसरला. सगळे मागे वळून बघायला लागले. इकडे लोक खसखस घालून केक आणि पाव करतात, त्यामुळे वरची खसखस बघून अर्ध्या बसला ते आपल्याच आजीने केलेले वाटले. हे देवाचे आहेत, मोजून आणले आहेत, असं मी सांगितलं तेव्हा कुठे हात मागे गेले. मार्टिनने तर छत्रीमागून चालणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलं, 'किल्ल्याऐवजी नातेवाईक.'

ताई बसथांब्यावर आली होती. माझ्या वर्गातली नीनो पण आमच्यासोबत निघाली. ती जॉर्जियाची आहे, तिच्या गावाकडेही पाहुण्याला खाऊ घालून घालून अर्धमेलं करतात म्हणे, म्हणून तिला हे सगळं बघायचं होतं. प्राग शहर सुंदर आहे. नदी आहे, पूल आहे, पुलावर दगडाचे संत उभे आहेत आणि त्यांच्यासमोर फोटो काढणारी माणसं संतांपेक्षाही कमी हलतात. एक जुनं घड्याळ आहे, ते वाजलं की लोक टाळ्या वाजवतात. आमच्या ताटाकडे मात्र पोलिसाने एकदा निरखून पाहिलं.

तू पाण्याचं बजावलं होतंस म्हणून मुद्दाम लिहिते. दाजींनी दार उघडलं आणि स्वतः ट्रेमध्ये पाणी घेऊन आले. मी, ताई आणि नीनो, तिघी दारातच उभ्याने प्यायलो. नीनो बाटली दाखवायला लागली होती, मी डोळे वटारले, तशी तिनेही पेला घेतला. सांगायचं एवढंच की तुझे जावई रीत विसरलेले नाहीत.

पाट नव्हता. दाजींनी पुस्तकांच्या मांडणीतल्या दोन फळ्या काढल्या आणि खाली ठेवल्या. पाय धुवायचे म्हटल्यावर ते लाजले. तुला ते मामीच म्हणतात. म्हणाले, 'साक्षी, मामीनं धुतले आसते त म्या मना केलं न्हाई आसतं. तू ऱ्हाऊ दे, नुसतं पानी सोड.' मग मी सॅलडच्या भांड्यात त्यांच्या अंगठ्यावर पाणी सोडलं. धोंडे ताईने केले. तळताना एक फुटला, पण तो आम्ही ताटात मागच्या बाजूला लपवला. टोपी दाजींना लहान झाली, ती त्यांनी फोटोपुरती डोक्यावर टेकवली आहे, नीट बघितलंस तर कळेल.

फोटो नीनोने काढला. तिला वाटलं लग्नच लागतं आहे, म्हणून तिने अक्षता जरा जोरातच टाकल्या. ताईच्या केसांत तांदूळ दिसतात ते त्यामुळे.

ओटी मी भरली. खण-नारळ पदरात घातला तेव्हा ताई रडली. 'आई आता आसायला पायजे होती,' एवढंच म्हणाली. दाजी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग आम्ही जेवलो. दाजींनी अनारसा खाल्ला आणि ताटलीतली खसखस बोटाने टिपली. म्हणाले, 'मामीला सांग, लॉकडाऊनात मला घरी जाता येत न्हवतं, तवा त्यांनी एक दिवस बी मला पाव्हन्यासारखं वागवलं न्हाई.'

रविवारी मी नीनोबरोबर किल्ल्याच्या दारापर्यंत गेले. आत जायला वेळ उरला नव्हता.

साक्षी


परतूर
७ जून

साक्षी,

परवा फोटो मोठा करून घेतला आणि काल सकाळच्या गाडीने जालन्याला गेले. विहीणबाईंचं घर नवीन जालन्यात, स्टेशनापासून जवळच आहे. गाडीत शेजारी बसलेल्या बाईलाही मी फोटो दाखवला. हे तुला सांगते, म्हणजे मी कोणत्या आनंदात होते ते तुला कळेल.

विहीणबाईंनी फोटो हातात घेतला आणि खालीच बसल्या. कपाळाला लावला. मला मिठी मारली आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, 'मह्या राजूरच्या गनपतीनं ऐकलं गं बाई. झाले बापा येक दोघं.'

मी विचारलं, 'येक झाले म्हंजे? दोन कव्हा झाल्ते?'

त्यांनी घाईने डोळे पुसले. मग म्हणाल्या, 'न्हाई, आपलं बोलायची रीत. बसा, च्या टाकते.' त्या चहात त्यांनी साखर इतकी घातली की मला तो संपवता आला नाही. मुलाच्या धोंड्याचा फोटो बघून कोणती आई अशी रडते?

परतीच्या गाडीत तुझं पत्र पर्समध्ये होतं. ते पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी साडी, टोपी, खसखस हेच बघत होते. या वेळी पाण्यावर थांबले.

पाणी बाहेरून आलेल्याला देतात. घरच्या बाईला दारात ट्रेमधून पाणी कोणी देत नाही. दैवशाला तुम्हाला आणायला बसथांब्यावर गेली होती, बरं. मग घरी आल्यावर ती आत गेली असती, तिने पेले काढले असते, तुम्हाला पाणी दिलं असतं. ती तुमच्या रांगेत उभी राहून पाणी प्यायली. त्या घरात माझी लेक पाहुणी होती. विहीणबाईंना हे आधीपासून माहीत होतं, मला नव्हतं. आणि मी फोटो घेऊन त्यांच्या दारात गेले.

तुझं पत्र मी शब्द न् शब्द तपासलं. तू खोटं काही लिहिलेलं नाहीस. रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. रागावले आहे, तुझ्यावर नाही. कोणावर ते अजून नक्की व्हायचं आहे.

तिचा खरा पत्ता मला पाठव. मला फोन कर असं तिला सांगू नको.

आत्या


लायपझिग
८ जून

ताई,

आत्याला कळलं. दाजींच्या आईला तुमचं आधीच माहीत होतं. फोटो बघून त्यांना वाटलं तुम्ही पुन्हा एकत्र आलात, त्या रडल्या आणि बोलून गेल्या. पण खरी चूक माझीच. दाजींनी दारात आपल्याला पाणी दिलं ते मी कौतुकाने लिहिलं होतं. तेवढ्यावरून आत्याने ओळखलं की त्या घरात तू बाहेरून आली होतीस. खोटं लिहायचं नाही म्हणून मी एवढी जपत होते आणि खऱ्यातच सापडले.

तिने तुझा पत्ता मागितला, मी दिला. तुला न विचारता दिला. डिसेंबरपर्यंत थांबू नको. दाजींनाही सांग, त्यांच्या आई राजूरला नवस फेडायला निघाल्या असतील.

साक्षी


ब्रनो
९ जून

आई,

साक्षीने कळवलं. तू फोन नको म्हणालीस म्हणून लिहिते. अक्षर वाकडं येईल, बऱ्याच दिवसांनी मराठी लिहिते आहे.

खरं आहे. वर्ष होत आलं. मी एकटी राहते, नोकरी बरी आहे, जेवते वेळेवर. ओमप्रकाशांचा दोष शोधू नको, माझाही नको. आम्ही एकमेकांना त्रास दिला नाही, साथही दिली नाही. हे तुला फोनवर सांगताना तू 'काय?' म्हणशील आणि मला तेच मोठ्याने पुन्हा म्हणावं लागेल, याची मला धास्ती वाटत होती. एकदा कसंबसं म्हटलं असतं. दुसऱ्यांदा म्हणता आलं नसतं.

ते पाणी मी प्यायले तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही. साक्षीचं पत्र वाचल्यावर आठवलं. ते घर मीच लावलं होतं, आई. पेले कोणत्या कप्प्यात ठेवायचे ते मी ठरवलं होतं. ओमप्रकाश पेले आणायला आत गेले आणि मी पायपुसण्यावर उभी राहिले. पुढे पाऊल टाकावंसं वाटलं नाही. पाणी प्यायले, पेला ट्रेमध्ये ठेवला आणि थँक्यू म्हणाले.

ओमप्रकाश त्यांच्या आईशी काल बोलले. त्या नवसाला जाणारच म्हणतात, नवस बदलून जाईन म्हणाल्या. तुला आधी न सांगितल्याचं त्यांनाही वाईट वाटतं आहे. सांगू नका म्हणून त्यांना मीच गळ घातली होती.

तुझं वाण फुकट घालवलं. तेवढ्या उन्हात तू तुपापाशी बसलीस आणि आम्ही फोटोपुरते बसलो. त्याची मला लाज वाटते. वेगळं झाल्याची नाही वाटत, ती वाटावी असं तुला वाटत असेल तर मी काय करू ते मला माहीत नाही.

डिसेंबरचं तिकीट बदलून पुढच्या महिन्यात येऊ का? तू ये म्हणालीस तर येईन. तिथे आल्यावर लोकांना काय सांगायचं, तेही तूच ठरव.

दैवशाला


परतूर
१३ जून

दैवशाला,

तुझं पत्र आल्यापासून उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे. वहीची पानं संपत आली, म्हणून आता हे लिहिलं तसंच पाठवते.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते. मग विहीणबाईंवर. मग नंदाबाईंवर, त्यांनी काही केलेलं नसताना. काल कपाटावर ठेवलेला तो फोटो काढून बघितला. लिंबाच्या साडीत तू चांगली दिसतेस. तोंड उतरलेलं आहे. फोटो आला त्या दिवशी मला ते दिसलं नाही, साडी दिसली. गेलं वर्षभर दर रविवारी तू माझ्यासमोर त्या पांढऱ्या भिंतीपुढे बसत होतीस. मी विचारायची, ओमप्रकाशराव कुठे आहेत? तू कुठे आहेस, हे मी एकदाही विचारलं नाही. त्याचं मला फार लागलं आहे. तू एवढं मोठं ओझं घेऊन एकटी राहिलीस आणि मी इकडे चांदीच्या निरंजनाचा हिशोब करत होते.

वाण फुकट गेलं असं लिहू नको. तो माणूस माझ्या घरात अडकला होता तेव्हा नीट राहिला, तुझ्याशी वागतानाही त्याने पातळी सोडली नाही. चांगल्या माणसाला गोडधोड खाऊ घातलं, त्यात माझं काय गेलं? त्याला सांग, अनारसे उरले असतील तर डबा घट्ट लावून ठेवायचा, नाहीतर मऊ पडतात. तांब्याचं ताटही त्याच्याकडेच राहू दे. दिलेलं परत घेत नाहीत.

अधिक संपायला आता थोडेच दिवस राहिले. पीठ थोडं उरलं होतं, त्याचे अनारसे करून आज तुझ्या पत्त्यावर पाठवले. किती झाले ते मोजलं नाही. ते कोणाला द्यायचे नाहीत, तूच खा.

लोकांना काय सांगायचं त्याची काळजी नको. रविवारी फोन कर आणि मोठ्याने बोल. मी दार उघडं ठेवते. पुढचं काम नंदाबाई करतील, सोमवारी सगळ्या परतुराला माहीत झालेलं असेल आणि आपल्याला कोणाच्या घरी जावं लागणार नाही. मला दोनदा विचारावं लागलं तर दोनदा सांग. आता मी ऐकून घेईन.

तिकीट बदल. जुलैत ये.

एक गोष्ट सांगून ठेवते, तू आल्यावर वाईट वाटून घेऊ नको. लग्नानंतर तू आलीस की मी पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहायची. या खेपेला दारात कोणी उभं नसेल. मी आत काहीतरी करत असेन. तू सरळ आत ये. माठ होता तिथेच आहे, पेला त्याच्यावर पालथा घातलेला असतो. तहान लागली असेल तर आपल्या हाताने घे.

आई